गोळीचं दुसरं काम

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानाचे शब्दांकन)



'आरोग्यावर काहीतरी बोला' असं सचिव साहेबांनी सांगितलं तेव्हा मी विचारलं, नेमकं कशावर बोलू? ते म्हणाले, "मेंटेनन्स आणि पाणी सोडून कशावरही बोला." तेव्हा मी आज गोळ्यांवर बोलणार आहे. हा विषय आपल्या सोसायटीला अगदी जवळचा आहे. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा घराघरात मुलांची दप्तरं होती. आज त्याच कपाटात गोळ्यांचे डबे आहेत. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा कप्प्यांचे.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. मी औषध निर्माण अधिकारी होतो. लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत माझी सगळी नोकरी झाली. खिडकीच्या आत मी आणि बाहेर रांग. डॉक्टर लिहून देत, मी गोळ्या मोजून देई. पण एक गोष्ट त्या खिडकीनं मला शिकवली. पेशंट डॉक्टरांसमोर बसतो तेव्हा घाईत असतो, थोडा बुजलेला असतो. गोळ्या घेताना मात्र तो मोकळं बोलतो. "साहेब, ही लाल गोळी खाल्ली की लघवी केशरी होते बघा." "ही खाल्ली की दिवसभर झोपच येते." हे जे तो खिडकीत बोलतो, त्यालाच पुस्तकात साईड इफेक्ट म्हणतात. आपण मराठीत 'दुष्परिणाम' म्हणतो. मला हा शब्द अर्धाच बरोबर वाटतो. परिणाम असतो हे खरं, पण तो प्रत्येक वेळी 'दुष्ट'च असतो असं नाही. आपण ज्यासाठी गोळी घेतली त्यापेक्षा तो वेगळा असतो, इतकंच.

असं का होतं? आपल्याच सोसायटीचं उदाहरण घ्या. बांधकाम झालं तेव्हा बिल्डरने सगळ्या फ्लॅटना एकाच प्रकारची कुलपं बसवली होती. जुन्या मंडळींना आठवत असेल, एका विंगमधली किल्ली दुसऱ्या विंगमधल्या दाराला लागली होती आणि त्यावरून मोठा हशा झाला होता. गोळीचंही तसंच. पोटात गेली की ती रक्तातून सगळ्या अंगभर फिरते. तिला पत्ता माहीत नसतो. डोकेदुखीची गोळी फक्त डोक्यात जात नाही, पायाच्या अंगठ्यापर्यंत जाते. जिथे जिथे तिची किल्ली लागते तिथे तिथे ती दार उघडते किंवा बंद करते. आपल्याला हवं होतं ते दार एक. बाकीची दारं म्हणजे साईड इफेक्ट.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या 'बाकीच्या दारां'मागे कधी कधी दुसऱ्याच एखाद्या आजाराचं औषध सापडतं. हे क्वचित घडतं असं समजू नका. तुमच्या आमच्या डब्यातल्या बऱ्याच गोळ्यांचा जन्म असाच झाला आहे.

पहिली घ्या शुगरची गोळी. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड ही नावं इथे बऱ्याच जणांना पाठ असतील. १९४२ साली फ्रान्समधल्या मोंपेलिए गावात टायफॉइडच्या पेशंटना सल्फा जातीचं एक नवं औषध देत होते. काही पेशंटना घाम फुटू लागला, भोवळ येऊ लागली, झटके येऊ लागले. काही दगावलेही. मार्सेल जांबो या डॉक्टरांनी पाहिलं की त्यांच्या रक्तातली साखर भयंकर उतरली आहे. टायफॉइडसाठी ही वाईट बातमी होती. पण ओगुस्त लुबातिएर या संशोधकाच्या मनात आलं की ज्याची साखर आधीच जास्त आहे त्याला हे उपयोगी पडेल की काय? त्यातून पुढे मधुमेहाच्या गोळ्यांचं एक घराणंच उभं राहिलं. ज्या साईड इफेक्टने माणसं बेशुद्ध पडली, तोच आज मापात घेऊन आपण सकाळच्या नाश्त्याआधी पोटात घालतो.

दुसरी घ्या बीपीची गोळी. तिच्या नावात शेवटी एच किंवा एचसीटी असेल तर त्यात लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं आहे. त्याची वंशावळही सल्फापर्यंतच जाते. सल्फा घेणाऱ्यांच्या लघवीतून क्षार जास्त जातात हे लक्षात आलं. १९४९ साली बोस्टनमध्ये हृदय कमजोर झाल्याने अंगावर सूज आलेल्या पेशंटना मुद्दाम तेच औषध देऊन पाहिलं. सूज उतरली. तो धागा धरून पुढे सुधारत सुधारत आजची गोळी आली.

तिसरी, ॲस्पिरिन. १८९९ पासून ही ताप आणि अंगदुखीची गोळी. कॅलिफोर्नियात लॉरेन्स क्रेव्हन नावाचे एक साधे फॅमिली डॉक्टर होते. टॉन्सिल काढलेल्या पेशंटना ते दुखणं थांबावं म्हणून ॲस्पिरिनचं च्युइंग गम चघळायला देत. जे जास्त चघळायचे त्यांचं रक्त थांबेना. क्रेव्हन यांनी विचार केला, रक्त पातळ होत असेल तर हार्ट अटॅकमधली गुठळी अडेल का? १९५० पासून ते हे लिहीत राहिले. मोठ्या वैद्यकीय जगाने फारसं लक्ष दिलं नाही. शेवटी १९८८ साली १७,१८७ पेशंटवरची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. हार्ट अटॅक येताच ॲस्पिरिन सुरू केल्याने हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणाने होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी कमी झाले. आज छातीत कळ आली की डॉक्टर येईपर्यंत काय द्यायचं हे आपल्या वॉचमनलाही माहीत आहे. त्याच्यामागे टॉन्सिल काढलेल्या पेशंटचं न थांबणारं रक्त आहे.

केस उगवणाऱ्या मिनॉक्सिडिलचं असंच. ती मूळ बीपीची गोळी. बायका तक्रार करू लागल्या की चेहऱ्यावर, हातावर केस येताहेत. कंपनीने तेच औषध टकलावर लावायला दिलं. आणि सिल्डेनाफिल, म्हणजे ज्या गोळीचं नाव घेतलं की मागच्या रांगेतली मंडळी हसतात, ती हृदयाच्या कळेसाठी तयार केलेली होती. हसू नका, तिची पुढची गोष्ट गंभीर आहे. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढतो त्या आजारासाठी २००५ पासून तीच गोळी अधिकृतपणे दिली जाते. साईड इफेक्टने एक काम मिळालं आणि त्यातून पुढे तिसरं.

आता परदेशातून आपल्या घरी येऊ. या सगळ्या विषयातली एक मोठी गोष्ट मुंबईत घडली आहे आणि ती आपल्या मुलांना शाळेत कुणी सांगत नाही.

सर्पगंधा नावाची वनस्पती आपल्याला ठाऊक आहे. बिहारकडे तिच्या मुळीला 'पागल की दवा' म्हणत. वेडाच्या झटक्यात असलेल्या माणसाला ती दिली की तो शांत होऊन झोपायचा. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं की या मुळीने माणूस शांत तर होतोच, पण त्याचा रक्तदाबही उतरतो. म्हणजे वेडावरच्या औषधाचा साईड इफेक्ट, रक्तदाब कमी होणं. त्या काळी बीपीवर धड औषधच नव्हतं. मुंबईच्या के.ई.एम. हॉस्पिटलमधले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी हे मनावर घेतलं. बीपीच्या ५० पेशंटना सर्पगंधा देऊन काळजीपूर्वक मोजमाप केलं आणि १९४९ साली ते इंग्लंडच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात छापलं. तिथून जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

गोष्ट इथे संपत नाही, इथून रंगते. बीपीसाठी रेसरपिन घेणाऱ्या माणसांचं नाक चोंदायचं, अंगात सुस्ती यायची, आणि काही जण फार उदास व्हायचे. जास्त डोस झाला की काहींचं शरीर आखडायचं, हालचाल मंद व्हायची, हात थरथरायचे. हुबेहूब कंपवातासारखं, म्हणजे पार्किन्सनसारखं. औषध बंद केलं की कमी व्हायचं. स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन यांनी सशांना रेसरपिन दिलं. ससे दगडासारखे निपचित बसले. मग त्यांना एल-डोपा नावाचं द्रव्य टोचलं आणि ससे पुन्हा उड्या मारू लागले. यातून कळलं की मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं, ते संपलं की हालचाल थांबते. कंपवाताच्या पेशंटमध्ये तेच संपत आलेलं असतं. आज जगभर कंपवातावर दिली जाणारी मुख्य गोळी, लेव्होडोपा, या धाग्यातून आली. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

आणि हे एल-डोपा कशात सापडतं? आपल्या खाजकुइलीच्या बियांत! लहानपणी शेताच्या बांधावर तिची कुसं अंगाला लागून ज्यांची त्रेधा उडाली असेल त्यांनी हात वर करा. बघा, निम्मी सभा! १९३७ साली मद्रासच्या शास्त्रज्ञांनी या बियांतून एल-डोपा वेगळं काढलं होतं, आणि १९७८ मध्ये मुंबईचे डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपवाताच्या पेशंटवर या बियांच्या चूर्णाचा अभ्यास छापला. आधी माणसांत काय दिसतं ते पाहायचं आणि मग प्रयोगशाळेत त्याचं कारण शोधायचं, ही उलटी वाट डॉ. वैद्य यांनी पुढे आयुष्यभर मांडली.

कंपवाताची अजून एक गोळी आहे, अमँटाडिन. ती मूळ फ्लूची. १९६८ साली बोस्टनमध्ये कंपवाताच्या एका ५८ वर्षांच्या बाईला फ्लू होऊ नये म्हणून ती दिली होती. काही दिवसांनी ती डॉक्टरांना म्हणाली, ही गोळी घेत होते तोवर माझे हात कमी थरथरत होते, अंग मोकळं होतं. गोळ्या संपल्या आणि पुन्हा पहिल्यासारखं झालं. डॉक्टर श्वाब यांनी ते हसण्यावारी नेलं नाही. इतर पेशंटना देऊन पाहिलं आणि १९६९ मध्ये छापलं. आज ती गोळी आपल्या नांदेड-लातूरच्या मेडिकलमध्ये मिळते. मला या गोष्टीत त्या बाईचं कौतुक वाटतं. ती शास्त्रज्ञ नव्हती. गोळी कधी सुरू झाली, कधी संपली आणि मध्ये काय बदललं, एवढंच तिने लक्षात ठेवलं आणि सांगितलं.

कंपवाताबद्दल मी इतकं का बोलतोय त्याला कारण आहे. माझे मोठे बंधू लातूरला असतात. निवृत्त शिक्षक. त्यांना दहा-बारा वर्षांपासून हा आजार आहे. त्यांची परवानगी घेऊनच पुढचं सांगतो. ते म्हणाले, "सांग, माझं नाव गेलं तरी चालेल, दुसऱ्या कुणाचं घर वाचलं तर बरं."

दादांना लेव्होडोपाच्या जोडीला डोपामिनसारखं काम करणारी दुसरी एक गोळी सुरू केली होती. हात सुधारला. सही पुन्हा वाचता येऊ लागली. घरात आनंद. चार-पाच महिन्यांनी वहिनींचा मला फोन आला. आवाज दबका. "भाऊजी, कुणाला सांगू नका, पण ह्यांना काय झालंय कळत नाही. रात्र रात्र मोबाईलवर पैसे लावून रमी खेळतात." माझा विश्वास बसेना. या माणसाने दिवाळीतसुद्धा कधी पत्त्याला हात लावला नव्हता. वर्गात कुणी गोट्या पैशाने खेळला तर छडी मारणारे आमचे मास्तर! दोन महिन्यांत पेन्शनमधले चाळीस हजार गेले होते. मुलगा बापाशी बोलेनासा झाला होता. वहिनी म्हणत होत्या, "म्हातारपणी बुद्धी फिरली. लोक काय म्हणतील?"

मी वहिनींना एकच विचारलं, "हे कधीपासून?" त्यांनी कॅलेंडर बघितलं. नवी गोळी सुरू झाल्यावर साधारण दीड महिन्याने. दुसऱ्याच दिवशी अहमदपूरमार्गे लातूर गाठलं आणि दादांना घेऊन डॉक्टरांकडे गेलो. दादा मान खाली घालून बसले होते. डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "गुरुजी, ही तुमची सवय नाही, ही गोळीची करामत आहे. बरं झालं सांगितलंत. लाजेपोटी लोक सांगतच नाहीत." मेंदूत हालचालीला जे रसायन लागतं तेच आशा, मोह, 'अजून एक डाव' या भावनेलाही लागतं. हाताचं दार उघडायला दिलेल्या किल्लीने शेजारचंही दार उघडलं होतं. डॉक्टरांनी ती गोळी हळूहळू कमी केली, लेव्होडोपा सांभाळून वाढवलं, अमँटाडिन जोडलं. दोन महिन्यांत रमी सुटली. पैसे परत आले नाहीत. पण त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर मुलाने बापाचा हात धरला, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

विचार करा, वहिनींनी फोन केला नसता तर? दादांनी घरात शिक्का मारून घेतला असता, 'म्हातारपणी जुगारी झाला'. जगात अशा अनेक पेशंटनी, त्यांच्या बायकांनी लाज बाजूला ठेवून सांगितलं म्हणून हा साईड इफेक्ट पुस्तकात आला आणि म्हणून आमच्या डॉक्टरांना तो ओळखता आला. कुठल्या तरी परक्या घरातल्या बाईने आधी तोंड उघडलं होतं, त्याचा फायदा लातूरच्या एका घराला झाला.

आता माझ्या नोकरीतल्या आजाराबद्दल सांगतो, कुष्ठरोगाबद्दल. आमच्या केंद्रात कुष्ठरोगाच्या गोळ्यांची पाकिटं यायची. त्यात क्लोफाझिमिन नावाची गोळी असते. तिने कातडी काळपट पडते. लग्नाच्या वयाच्या मुली ती गोळी गुपचूप टाकून द्यायच्या. सहा महिने, वर्षभर समजूत काढावी लागायची की बाई, औषध संपलं की रंग हळूहळू जातो, पण बोटं वाकली तर परत येत नाहीत. ही गोळीसुद्धा मूळची कुष्ठरोगाची नव्हे बरं का. आयर्लंडमध्ये ती क्षयरोगासाठी शोधली होती. कुष्ठरोगात ती चालली, आणि शिवाय त्या रोगात मध्येच अंगावर लाल दुखऱ्या गाठी येऊन ताप चढतो तो भडकाही ती शमवते असं दिसलं.

त्याच भडक्यावरचं दुसरं औषध म्हणजे थॅलिडोमाइड. हे नाव ऐकून जुन्या पिढीच्या अंगावर काटा येईल. १९५७ ते १९६१ या काळात युरोपात गरोदर बायकांना झोपेसाठी, मळमळीसाठी ही गोळी दिली गेली आणि दहा हजारांहून जास्त बाळं हातपाय खुंटलेली जन्मली. गोळीवर बंदी आली. १९६४ साली जेरुसलेममध्ये डॉ. शेस्किन यांच्यापुढे कुष्ठरोगाच्या भडक्याने तळमळणारा पेशंट होता, काही केल्या झोप लागेना. त्यांनी उरलेली ही गोळी फक्त झोपेसाठी दिली. पेशंट झोपला तर खराच, पण दोन-तीन दिवसांत त्याच्या गाठीही बसल्या. पुढे शास्त्रज्ञांनी शोधलं की बाळांचे हातपाय का खुंटले. ही गोळी नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही, हे त्यातलं एक कारण १९९४ मध्ये पुढे आलं. मग प्रश्न आला, कॅन्सरच्या गाठीलाही नव्या रक्तवाहिन्या लागतात, तिथे हे चालेल का? मल्टिपल मायलोमा या हाडांतल्या मज्जेच्या कॅन्सरवर ते चाललं. आज ते कडक बंधनांखाली दिलं जातं. गरोदर बाईच्या आसपासही ही गोळी जाता कामा नये, हा नियम मात्र तसाच आहे. जो परिणाम बाळांना शाप ठरला तोच कॅन्सरच्या पेशंटला आधार ठरला. पण म्हणून त्या बाळांचं दुःख कमी होत नाही. मी तरी ही गोष्ट सांगताना 'वाईटातून चांगलं झालं' असं म्हणत नाही. त्या आयांनी आणि काही जागरूक डॉक्टरांनी वेळीच ओरड केली म्हणून ते थांबलं, एवढं म्हणतो.

हल्ली हे काम नुसत्या योगायोगावर सोडलेलं नाही. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या शास्त्रज्ञांनी २००८ साली बाजारातल्या ७४६ औषधांचे साईड इफेक्ट कॉम्प्युटरमध्ये भरले. त्यांचा तर्क साधा होता. दोन अगदी वेगळ्या औषधांच्या तक्रारी जर सारख्या असतील, तर आत कुठेतरी दोघांची किल्ली एकाच कुलपाला लागत असणार. अशा अनपेक्षित जोड्यांपैकी २० त्यांनी प्रयोगशाळेत तपासल्या, त्यांतल्या १३ खऱ्या निघाल्या. म्हणजे 'तोंड कोरडं पडतं', 'झोप येते', 'भूक लागते' अशा आपल्या साध्या तक्रारी हा आता संशोधनाचा कच्चा माल आहे. पण कॉम्प्युटरलाही कुणीतरी आधी सांगावं लागतं. न सांगितलेली तक्रार कुठल्याच यादीत येत नाही.

आता दोन गोष्टी बजावून सांगतो, कारण हे भाषण ऐकून कुणी घरी जाऊन प्रयोग करू नयेत.

पहिली गोष्ट. साईड इफेक्ट म्हणजे सुगावा आहे, पुरावा नव्हे. ॲस्पिरिनच्या बाबतीत सुगावा १९५० चा आणि पक्का पुरावा १९८८ चा. मधली अडतीस वर्षं कशात गेली? चाचण्यांत, मोजमापात, वादात. ज्याचं रक्त पातळ होणं धोक्याचं आहे त्याला तीच गोळी पोटात रक्तस्राव करते. म्हणून शेजारच्या काकांना चालू आहे म्हणून आपण सुरू करायची नाही.

दुसरी गोष्ट. आपल्याकडे मुलगी बारीक आहे, लग्न ठरायचंय, म्हणून वजन वाढवायच्या गोळ्या देणारे लोक आहेत. त्यात काय असतं? ॲलर्जीची गोळी, जिचा साईड इफेक्ट भूक लागणं, आणि स्टेरॉइड, ज्याचा साईड इफेक्ट चेहरा सुजून गोल दिसणं. लोकांना वाटतं अंग भरलं. हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, एकदम बंद केलं तर माणूस कोसळू शकतो. हाही साईड इफेक्टचा 'नवा उपयोग'च आहे, पण डॉक्टरशिवाय, चाचणीशिवाय, हिशेबाशिवाय केलेला. कोरोनात आपण हेच पाहिलं. डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमधले मृत्यू एक तृतीयांशाने कमी केले, हे २०२० साली इंग्लंडच्या मोठ्या चाचणीत सिद्ध झालं. त्याच चाचणीत हेही दिसलं की ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना काहीच फायदा झाला नाही. तरी साध्या तापातही लोकांनी ते खाल्लं. २०२१ च्या उन्हाळ्यात काळी बुरशी आली ती बहुतेक साखर वाढलेल्या आणि स्टेरॉइड घेतलेल्या पेशंटमध्ये. डोळा गेलेली, जबडा काढावा लागलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

आणि दादांसारख्यांसाठी एक. खाजकुइलीत एल-डोपा आहे हे ऐकून कुणी तिचं चूर्ण आणून गोळीच्या जोडीला सुरू करू नये. तो एकाच औषधाचा दुप्पट डोस होतो. वनस्पती असली तरी किल्ली तीच आहे. घ्यायचं असेल तर डॉक्टरांना सांगून.

मग आपण करायचं काय? फार मोठं काही नाही. घरात एक वही ठेवा. गोळीचं नाव, सुरू केल्याची तारीख, डोस बदलल्याची तारीख. नंतर अंगात, झोपेत, भुकेत, स्वभावात काही बदललं तर तेही तारखेसह लिहा. वाईट बदल तर लिहाच, चांगला असला तरी लिहा. ती बोस्टनची बाई आठवा. मनाने गोळी बंद करू नका, वही घेऊन डॉक्टरांकडे जा. लाजेची गोष्ट असेल तर ती आधी सांगा.

शिवाय आपल्या देशात यासाठी सरकारी व्यवस्था आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. २०१० साली भारतीय औषध सतर्कता कार्यक्रम सुरू झाला. त्याचं मुख्य केंद्र गाझियाबादला आहे. पेशंटने स्वतः भरायचा साधा फॉर्म आहे आणि तो मराठीतही आहे. कामाच्या दिवशी १८००-१८०-३०२४ या नंबरवर फुकट फोन करता येतो. तुमचं नाव गुप्त राहतं. ती नोंद पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या साठ्यात जाते. म्हणजे नांदेडच्या एका फ्लॅटमध्ये बसून आजीने सांगितलेली तक्रार जगाच्या हिशेबात धरली जाते.

दरवर्षी १७ ते २३ सप्टेंबर हा औषध सतर्कता सप्ताह असतो. १७ सप्टेंबर म्हणजे आपला मराठवाडा मुक्तिदिन. त्या दिवशी सकाळी आपण झेंड्याला जमतोच. सचिव साहेबांना माझी विनंती आहे की त्या दिवशी चहाच्या टेबलावर हे मराठी फॉर्म ठेवावेत आणि तो नंबर नोटीस बोर्डावर कायमचा लावावा, पाण्याच्या टँकरवाल्याच्या नंबराशेजारी. तो नंबर आपण सगळे रोज बघतो! ज्यांना फॉर्म भरता येत नाही त्यांच्यासाठी मी खाली बसेन. खिडकी नसेल, पण सवय गेलेली नाही. या, बसा, आणि काय झालं, कधीपासून झालं ते सांगा.